तलाव स्वच्छ करा, म्हणजे नेमके काय करा?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरातला तलाव घ्या, त्याच्या तक्रारीचे वर्षभराचे वेळापत्रक जवळजवळ ठरलेले असते. थंडी सरता सरता पाण्यावर हिरवी साय धरते. उन्हाळ्यात काठावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो. एखाद्या पहाटे मेलेले मासे तरंगताना दिसतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांचा फोटो येतो. नागरिक आयुक्तांना निवेदन देतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कर्मचारी पाण्याचे नमुने नेतात, महापालिकेला नोटीस निघते. मग पाऊस लागतो, सांडव्यावरून पाणी वाहू लागते, वास कमी होतो आणि विषय गणपतीपर्यंत मागे पडतो.

या सगळ्यात नागरिक कमी पडतात असे म्हणता येणार नाही. श्रमदान होते, मोर्चे निघतात, उपोषणे होतात, याचिका दाखल होतात. सरकार नेहमीच ढिम्म बसते असेही नाही. निधी मंजूर होतो, निविदा निघतात, काठाला दगडी कठडा आणि दिव्यांची रांग येते. तरीही दहा वर्षांनी त्याच तलावासाठी तेच निवेदन पुन्हा द्यावे लागते. मागणी मान्य होऊनही तलाव सुधारत नसेल, तर ती मागणीच एकदा तपासून पाहायला हवी.

तलाव बिघडतो कसा

शहरी तलावाचा मुख्य शत्रू प्लास्टिक किंवा निर्माल्य नाही. ते डोळ्यांना दिसते म्हणून राग त्याच्यावर निघतो. खरा घात करते ते घराघरांतून येणारे सांडपाणी आणि त्यातले नायट्रोजन व फॉस्फरस. मैल्यातून, साबणाच्या पाण्यातून आणि शेतातून वाहून आलेल्या खतांतून ही पोषकद्रव्ये तलावात उतरतात. त्यांच्यावर शेवाळ माजते. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडते, पण रात्री तेही श्वास घेते आणि मेलेले शेवाळ कुजवणारे जिवाणूही प्राणवायू खातात. म्हणून मासे बहुधा पहाटे मरतात. अंघोळीला योग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम आणि जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी, 3 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावी असा केंद्रीय निकष आहे. नाला मिळालेल्या तलावात हे गणित फार लवकर बिघडते.

केंदाळ, म्हणजेच जलपर्णी, हे याच खाण्यावर पोसलेले तण. अनुकूल हवेत ते साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. ते काढणे चांगलेच, कारण त्याच्याबरोबर शोषलेली पोषकद्रव्येही बाहेर येतात. पण काढलेले केंदाळ काठावरच रचून ठेवले तर ते तिथेच कुजते आणि पहिल्या पावसात त्याचा रस पुन्हा पाण्यात जातो. कारंजी आणि हवा मिसळणारी यंत्रे पाण्यात थोडा प्राणवायू घालतात, जिवाणूंची मिश्रणे काही काळ वास कमी करतात. वरून येणारा नाला चालू असेल तर हे उपाय कायमचे विकत घ्यावे लागतात.

नाला बंद झाला तरी लगेच सुटका नसते. वर्षानुवर्षे तळाशी बसलेल्या गाळातला फॉस्फरस प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात सुटतो. त्यामुळे आधी नाला आणि मग गाळ, हाच कामाचा क्रम असला पाहिजे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा उलटा असतो. गाळ काढणे दिसते, मोजता येते आणि त्याचे बिल निघते. मलवाहिनी जमिनीखाली असते.

प्रश्न किती मोठा आहे ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्च 2021 च्या अहवालावरून कळते. देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती फक्त 20,236 दशलक्ष लिटरवर. महाराष्ट्रात रोज 9,107 दशलक्ष लिटर सांडपाणी होते आणि उभारलेली क्षमता 6,890 दशलक्ष लिटर होती. इतर अनेक राज्यांच्या मानाने ही क्षमता बरी. मात्र क्षमता कागदावर असणे, घराघरांतले पाणी त्या केंद्रापर्यंत पोचणे आणि केंद्र रोज पूर्ण चालणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जे पाणी केंद्रापर्यंत पोचत नाही ते उताराने जाते आणि शहरातला उतार अनेकदा तलावातच संपतो.

रंकाळ्याचा धडा

कोल्हापूरचा रंकाळा याचे बोलके उदाहरण आहे. शालिनी पॅलेस, संध्यामठ, संध्याकाळची चौपाटी यांमुळे या तलावाशी शहराचे नाते जिव्हाळ्याचे आहे आणि त्यासाठी आवाज उठवणारी माणसे प्रत्येक पिढीत निघाली. केंदाळाने तलाव झाकला, निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर आला, तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून रंकाळ्यासाठी सुमारे साडेआठ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला. शहराचे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी कसबा बावडा आणि दुधाळी इथे प्रक्रिया केंद्रे आली. तरी श्याम सोसायटी आणि देशमुख हॉलच्या बाजूने येणाऱ्या नाल्यांची नावे रंकाळ्याच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येत राहिली.

असे का होते, याचे उत्तर नाल्याच्या तोंडाशी सापडते. नाल्यात बांध घालायचा, अडलेले सांडपाणी पंपाने उचलून मलवाहिनीत सोडायचे, हा आपल्याकडचा रूढ उपाय. वीज गेली, पंप बिघडला, ठेकेदाराचे बिल थकले किंवा जोराचा पाऊस झाला की पाणी बांधावरून थेट तलावात. नाल्याच्या वरच्या अंगाला नव्या वसाहती वाढत जातात आणि काल पुरणारा पंप आज अपुरा पडतो. प्रकल्प पूर्ण झाल्याचा फलक तेवढा जागेवर राहतो.

याच कोल्हापूरने दुसऱ्या बाजूने एक मोठे काम करून दाखवले आहे. रंकाळ्यात आणि पंचगंगेत गणेशमूर्ती विसर्जित करण्याऐवजी मूर्तिदान करण्याची चळवळ इथे रुजली आणि रंकाळ्याजवळची इराणी खण विसर्जनाचे पर्यायी ठिकाण झाली. विसर्जनासारख्या भावनेच्या विषयात लोकांनी स्वतःची सवय बदलली, ही लहान गोष्ट नाही. केंद्रीय मंडळाने 2020 मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली, त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू होते. पण विसर्जन वर्षातून काही दिवसांचे आणि सांडपाणी 365 दिवसांचे. नागरिकांनी आपला वाटा उचलल्यावर उरलेला वाटा मागण्याचा त्यांचा हक्क अधिकच पक्का होतो.

उपोषण, याचिका, लवाद

निवेदनाने भागत नाही तेव्हा माणसे पुढची पायरी चढतात. चंद्रपूरच्या गोंडकालीन रामाळा तलावासाठी इको-प्रो संस्थेचे अध्यक्ष बंडू धोतरे यांनी फेब्रुवारी 2021 मध्ये अन्नत्याग सत्याग्रह केला. याच संस्थेने आधी चंद्रपूरच्या किल्ल्याची स्वच्छता श्रमदानाने केली होती, त्यामुळे या मागणीमागे केलेल्या कामाचे वजन होते. उपोषणाची दखल थेट राज्य सरकारला घ्यावी लागली आणि तलाव रिकामा करून गाळ काढण्याचे काम मार्गी लागले. उपोषणाची ताकद इथे दिसते आणि त्याची मर्यादाही. एका माणसाच्या जिवाच्या भीतीने यंत्रणा हलते, तेव्हा ती जे झटपट दाखवता येईल ते आधी करते. त्या तलावात पुन्हा सांडपाणी जाऊ नये यासाठीची व्यवस्था वर्षानुवर्षे चालवावी लागते. तिच्यासाठी दरवर्षी कोणी उपाशी बसू शकत नाही.

मुंबईत पवईचा लढा न्यायालयात गेला. 1891 साली पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला हा तलाव पिण्यासाठी कधीच निरुपयोगी ठरला, पण त्यात आजही मगरी आहेत. महापालिकेने त्याच्या काठाने सायकल आणि जॉगिंग ट्रॅक बांधायला घेतला, तेव्हा पवईच्या आयआयटीतले विद्यार्थी आणि 'वनशक्ती' ही संस्था उच्च न्यायालयात गेली. मे 2022 मध्ये न्यायालयाने ते काम पाणथळ जागांच्या नियमांचा भंग करणारे ठरवले आणि घातलेला भराव काढायला सांगितले. तलावाच्या 'विकासा'पासून तलाव वाचवण्याची ही लढाई होती आणि नागरिक ती जिंकले. पवईतले सांडपाणी हा मात्र वेगळा प्रश्न होता. ट्रॅक थांबला म्हणून नाले थांबले नाहीत.

नागपूरच्या भोसलेकालीन फुटाळा तलावाचे प्रकरण कायद्यातली फट दाखवते. तिथल्या संगीत कारंज्याला आणि बांधकामांना 'स्वच्छ असोसिएशन'ने आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये अपील फेटाळले. मानवनिर्मित असलेला फुटाळा 2017 च्या नियमांतल्या पाणथळ जागेच्या व्याख्येत बसत नाही, हे उच्च न्यायालयाचे मत कायम राहिले. त्याच निकालात एक मोलाची गोष्ट आली. शासन हे नैसर्गिक संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे, हे 1996 च्या कमलनाथ खटल्याच्या निकालापासून आलेले तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होते असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्रातले बहुतेक शहरी तलाव कोणा राजाने, पेशव्याने किंवा इंग्रज अधिकाऱ्याने बांधलेले आहेत. पिण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी खास बांधलेले जलाशय 2017 चे नियम वगळतात. त्यामुळे फक्त पाणथळ नियमांच्या भरवशावर याचिका रचणे आता धोक्याचे आहे. सांडपाणी सोडणे मात्र 1974 च्या जलप्रदूषण कायद्याखाली बेकायदाच आहे, मग तलाव कोणी का बांधलेला असेना.

न्यायालयीन मार्गाचा सर्वांत मोठा प्रयोग बंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावावर झाला. या तलावाचा फेस रस्त्यावर उडत असे आणि फेब्रुवारी 2017 मध्ये तिथे आग लागली. राष्ट्रीय हरित लवादाने त्याची आपणहून दखल घेतली. डिसेंबर 2018 मध्ये लवादाने कर्नाटक सरकारला 50 कोटी आणि बंगळुरू महापालिकेला 25 कोटी रुपयांचा दंड लावला, शिवाय कामासाठी 500 कोटी रुपये बाजूला ठेवायला लावले. एका तलावासाठी इतका कडक आदेश आपल्या देशात क्वचितच निघाला असेल. तरी गाळ काढण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे रेंगाळले. न्यायालय वाईट काम चटकन थांबवू शकते. चांगले काम रोजच्या रोज करवून घेणे त्याच्या आवाक्यातले नाही. ते काम पगारी यंत्रणेचे आणि तिच्यावर नजर ठेवणाऱ्या नागरिकांचे आहे.

तलाव कोणाचा?

जबाबदारी ठरवायला गेले की तलावाला अनेक मालक फुटतात. जमीन महसूल खात्याची किंवा महापालिकेची, बांध जलसंपदा विभागाचा, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याकडे, नमुने प्रदूषण मंडळाकडे आणि वरच्या अंगाची वसाहत महापालिकेच्या हद्दीबाहेर एखाद्या ग्रामपंचायतीत. पुण्याचा पाषाण तलाव याचे उदाहरण. भूगाव-बावधनच्या बाजूने येणारी रामनदी त्याला मिळते, म्हणजे तलावाचे आरोग्य वरच्या गावांच्या सांडपाण्यावर ठरते. तलावाच्या काठावर उभे राहून महापालिकेला दिलेले निवेदन त्या गावांपर्यंत पोचत नाही.

केंद्र सरकारने 2023 मध्ये जाहीर केलेल्या पहिल्या जलसाठा गणनेत देशात 24 लाखांहून अधिक जलसाठे नोंदले गेले, त्यांपैकी 97,062 महाराष्ट्रात. ही नोंद मोलाची आहे, पण तिने जबाबदार अधिकाऱ्याचे नाव ठरत नाही. राज्यातल्या महापालिकांना दरवर्षी 31 जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. त्यात तलावांच्या पाण्याचे आकडेही असतात. नागरिकांच्या निवेदनांत या आकड्यांचा आधार फार कमी दिसतो. आपल्याच तलावाबद्दल आपल्याच महापालिकेने छापलेली माहिती हाताशी असताना आपण 'पाणी अत्यंत दूषित झाले आहे' असे मोघम वाक्य लिहितो आणि प्रशासनही 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असे तितकेच मोघम उत्तर देते.

दोष कोणाला द्यायचा यातही आपली नजर चुकते. काठावरच्या झोपड्या आणि कपडे धुणाऱ्या बायका डोळ्यांपुढे असतात, म्हणून पहिली कारवाई त्यांच्यावर होते. वरच्या अंगाच्या मोठ्या गृहसंकुलांचे प्रक्रिया केंद्र बंद पडले आहे की चालू, हे पाहायला कोणी जात नाही. ज्यांचे पोट तलावावर आहे त्या मासेमारांना बिघाड सर्वांत आधी कळतो. समित्यांच्या बैठकीला बहुधा त्यांनाच बोलावणे नसते.

जिथे जमले

जिथे तलाव खरोखर सुधारले, तिथली मागणी कशी होती हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या सिअॅटल शहराला लागून असलेल्या लेक वॉशिंग्टनमध्ये 1955 मध्ये निळ्या-हिरव्या शेवाळाची एक घातक जात सापडली. वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी पुढे काय होणार ते आधीच सांगून ठेवले. गंमत म्हणजे त्या सरोवरात पडणारे पाणी प्रक्रिया केलेले होते. प्रक्रियेने मैला कमी झाला होता, फॉस्फरस तसाच होता. मार्च 1958 मध्ये एका प्रादेशिक यंत्रणेसाठी मतदान झाले. तिच्याकडे सांडपाण्याबरोबर वाहतूक आणि नियोजनही द्यायचे होते. तो प्रस्ताव पडला. सप्टेंबरमध्ये फक्त सांडपाण्याचा प्रस्ताव पुन्हा मांडला गेला आणि लोकांनी आपल्या खिशातून पैसे देण्याची तयारी दाखवून तो मंजूर केला. 1963 ते 1968 या काळात सगळे सांडपाणी सरोवरापासून वळवले गेले आणि काही वर्षांतच पाणी स्वच्छ झाले. एकच स्पष्ट मागणी, तिचा खर्च मान्य आणि आधी नाला बंद. ते पाणी पुढे समुद्राच्या खाडीत सोडले गेले हेही सांगायला हवे. कोल्हापूर-चंद्रपूरला ती सोय नाही. आपल्याला शुद्ध केलेले पाणी उद्योगांना आणि शेतीला द्यावे लागेल. नागपूरच्या भांडेवाडी केंद्रातले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते, म्हणजे ते अशक्य नाही.

जपानच्या बिवा सरोवरात 1977 च्या मे महिन्यात लाल शेवाळाची लाट आली. शिगा प्रांतातल्या गृहिणींनी फॉस्फेट असलेल्या कपडे धुण्याच्या पावडरी सोडून साबण वापरायला सुरुवात केली. आपण बदललो, आता कायदा करा, असे त्यांनी सरकारला सांगितले. उद्योगांचा विरोध असूनही 1979 मध्ये प्रांताने अशा पावडरींच्या विक्रीवर आणि वापरावर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. कोल्हापूरच्या मूर्तिदानात हेच बीज आहे, फक्त पुढची मागणी तेवढ्या नेमकेपणाने आलेली नाही.

बंगळुरूतही बेळ्ळंदूरपेक्षा वेगळी उदाहरणे आहेत. कैकोंड्रहळ्ळी तलाव 2009 नंतर रहिवासी आणि महापालिका यांनी मिळून सावरला आणि रहिवाशांनी त्याची देखरेख सोडली नाही. जक्कूर तलावाशेजारी सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. तिथले पाणी वनस्पतींच्या बांधीव पाणथळीतून गाळून तलावात येते, त्यामुळे तलाव उन्हाळ्यातही भरलेला राहतो. लहान तलावांना हा नमुना परवडणारा आहे, अट एवढीच की केंद्र रोज चालले पाहिजे.

मागणी कशी असावी

या सगळ्याचा निष्कर्ष सरळ आहे. नागरिकांनी 'तलाव स्वच्छ करा' असे म्हटले की शासन त्याला सुशोभीकरण ऐकते, कारण सुशोभीकरणाचे उद्घाटन करता येते. त्यामुळे मागणी तलावाच्या काठावरून उठून नाल्याच्या उगमापर्यंत गेली पाहिजे. निवेदनात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात. तलावाला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याची यादी आणि रोजचा प्रवाह. प्रत्येक नाल्यातले सांडपाणी कोणत्या केंद्रात आणि कोणत्या तारखेपर्यंत जाणार. त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात फॉस्फरस किती असावा याची अट. प्राणवायू, बीओडी आणि फॉस्फरस यांचे दरमहा आकडे तलावाकाठच्या फलकावर. आणि या सगळ्याला उत्तरदायी एका अधिकाऱ्याचे पद. गाळ, केंदाळ, कारंजी यांचा क्रम त्यानंतर.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. मलवाहिन्या आणि प्रक्रिया केंद्रे महाग असतात आणि ती उभारण्यापेक्षा चालवणे अवघड जाते. केंद्राच्या अमृत 2.0 योजनेत जलाशयांच्या पुनरुज्जीवनासाठी तरतूद आहे, पण रोजची वीज आणि देखभाल शहरालाच भरावी लागते. सांडपाण्याचा वाजवी आकार द्यायला आपण तयार आहोत का, हे नागरिकांनी स्वतःलाही विचारले पाहिजे. तो देणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार अधिक ठणकावून वापरता येतो.

निवेदने, श्रमदान, उपोषण, याचिका यांपैकी काहीही वाया जात नाही, पण त्यांचे मोजमाप एकच ठेवावे लागेल: या वर्षी तलावात जाणारे सांडपाणी गेल्या वर्षीपेक्षा किती लिटरने कमी झाले? पुढच्या वेळी आयुक्तांच्या दालनात जाल तेव्हा फुलांचा गुच्छ आणि मेलेल्या माशांचे फोटो घरी ठेवा, नाल्यांची यादी आणि तारखेचा रकाना घेऊन जा आणि तो रकाना भरून घेतल्याशिवाय उठू नका.